दहापैकी किती दुखतंय?

दुखण्यावर संशोधन करणाऱ्यांकडे आकडे जमतात, असा लोकांचा समज आहे. आकडे जमतात, नाही असं नाही. पण ते कॉम्प्युटरमध्ये जातात आणि तिथेच राहतात. माझ्याबरोबर घरी येतं ते वेगळंच. कोण काय म्हणालं, कसं म्हणालं आणि म्हणताना कुठे बघत होतं! असल्या गोष्टींची डोक्यात इतकी दाटी झाली आहे की मी जेवताना बोलायला तोंड उघडलं की मैत्रिणी म्हणतात, "मुक्ता, आमचा भात संपू दे आधी."

आमची खोली पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला आहे, अँब्युलन्सच्या शेडला लागून. खोलीत दोघी. लिमये मॅडम, भूलतज्ज्ञ आणि या संशोधनाच्या प्रमुख. आणि मी, फिजिओथेरपिस्ट आणि त्यांची मदतनीस. शेडमध्येही दोघं. ड्रायव्हर सुदामकाका आणि पेशंटबरोबर मागे बसणारी पॅरामेडिक रेश्मा. आमचा प्रश्न साधा आहे. अपघातानंतर अँब्युलन्समध्येच दुखणं आटोक्यात आणलं, तर ते पुढे वर्षानुवर्षं माणसाला चिकटत नाही, हे खरं का? म्हणून रेश्मा गाडीत विचारते, "दहापैकी किती दुखतंय?" शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याच्यापुढे काही नाही. आणि मग त्याच माणसाला मी दर आठवड्याला फोन करून तेच विचारत राहते. मॅडमचा नियम एकच. पेशंट सांगेल तो आकडा लिहायचा. वाद घालायचा नाही.

खाली सांगतेय ते सगळं पोपटरावांची फाइल मॅडमच्या टेबलावर होती त्या दीड वर्षातलं. पोपटराव वाघोलीचे. नगर रोडवर टँकरखाली त्यांचा उजवा पाय गेला, गुडघ्याच्या खाली. जखम भरली, दुखणं गेलं नाही. आधी गोळ्या झाल्या, मग इंजेक्शनं. सर्जनचं मत पडलं की उरलेल्या टोकाशी नसेची गाठ असणार, आणखी वर कापू. आणखी वर म्हणजे गुडघा जाणार! गुडघा असला की नकली पाय लावून माणूस हिंडतो-फिरतो, गुडघा गेला की अवघड होऊन बसतं. मॅडमनी एवढंच सांगायचं होतं की दुखणं उरलेल्या पायात आहे की गेलेल्या पायात. उरलेल्या पायात असेल तर कापून फायदा, गेलेल्या पायात असेल तर कापून काय उपयोग? पोपटराव प्रत्येक फोनच्या शेवटी विचारायचे, "ताई, माजा गुडगा ऱ्हाईल का?" मी म्हणायची, "मॅडम बघतायत."

*

नारायण पेठेतले एक आजोबा बाथरूममध्ये घसरले. मांडीचं हाड मोडलं. स्ट्रेचरवर घेतल्या घेतल्या रेश्माने विचारलं, "आजोबा, दहापैकी किती दुखतंय?"

"पेपर कोण तपासणार आहे?"

"मॅडम."

"मग आठ लिहा. जास्त दिलेत तर संशय येतो."

ऑपरेशन झालं, आजोबा काठी घेऊन चालायला लागले. आकडा पाचावर आला, मग तिनावर. एका सोमवारी सकाळी मी फोन केला. म्हणाले, "माझं दोन. हिचं नऊ."

"आजींना काय झालं?"

मागून आजींचा आवाज आला, "मला कुठे काय झालंय? पोहे करतेय मी!"

आजोबा म्हणाले, "लिहून ठेवा."

मी कशाला लिहितेय? आजी आमच्या पेशंटच नव्हत्या. दुपारी दोनला आमचीच गाडी आजोबांच्या वाड्याखाली उभी होती. आजींच्या छातीत कळ आली होती. रेश्माने विचारलं, "आजी, दहापैकी किती?" आजी घामाने थबथबलेल्या, तरी स्पष्ट म्हणाल्या, "नऊ."

आजी वाचल्या. मी पुढच्या फोनला आजोबांना न राहवून विचारलं, तुम्हाला सकाळीच कसं कळलं? म्हणाले, "अहो, पंचावन्न वर्षं झाली लग्नाला. तिचं सगळं आधी माझ्याकडे येतं, मग तिच्याकडे जातं." आणि फोन ठेवला.

*

शनिवार पेठेतल्या एक बाई जिन्यावरून पडल्या. बेशुद्ध. बेशुद्ध पेशंटच्या आकड्याच्या जागी आडवी रेघ मारायची असते. त्या दिवशी मीही गाडीत होते, सकाळी अकराची वेळ.

स्पीडब्रेकर आला की बाई कण्हायच्या. यात नवल नाही, शरीराला कळतं. पण तिसऱ्या स्पीडब्रेकरला रेश्माने माझा हात धरला. "मुक्ता, नोट कर. त्या आधी कण्हतायत."

खरंच! बाई कण्हायच्या, मी दोन आकडे मोजायची आणि गाडी उडायची. पुढच्या खिडकीतून सुदामकाकांनाही ते ऐकू येत होतं. ते म्हणाले, "ह्या तर मला रस्ता सांगाय लागल्यात." मग त्यांनी सरळ बाईंच्या कण्हण्यावर ब्रेक मारायला सुरुवात केली. उरलेल्या रस्त्यात एकही दणका बसला नाही.

फक्त एका बसस्टॉपपाशी घोळ झाला. बाई कण्हल्या, काकांनी गाडी मुंगीच्या चालीवर आणली, आणि रस्ता सपाट! मागच्या रिक्षावाल्याने आमच्या सगळ्यांच्या घरच्यांची चौकशी केली. काका ओशाळून म्हणाले, "चुकल्या वाटतं."

आठ दिवसांनी काकांचा मला फोन आला. त्याच बसस्टॉपपाशी गाडी बाजूला घेऊन उभे होते. "मुक्ताताई, त्या बाई चुकल्या न्हवत्या." तिथे नवाकोरा स्पीडब्रेकर झाला होता. पांढरे पट्टेसुद्धा मारायचे होते अजून.

पुण्यात पुढच्या आठवड्यात रस्त्यावर काय उगवेल हे शुद्धीतल्या माणसाला सांगता येत नाही, आणि ह्या बाई बेशुद्धीत सांगत होत्या! त्यांना नंतर काहीच आठवत नव्हतं. रेश्माने मात्र आकड्याच्या जागी आडवी रेघ मारली नाही. पेन घेऊन नुसती बसून राहिली आणि शेवटी तो चौकोन कोराच सोडला.

*

आता पोपटरावांकडे येते.

"पोपटराव, दहापैकी किती?"

"सा."

"कुठे?"

"टाचंत."

"पोपटराव, टाच नाहीये आता." मी नियम मोडला, कबूल आहे.

"मला ठावं हाय ताई. हितं न्हाई. तितं हाय."

सुदामकाका माझ्या खोलीत चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला. फोन संपल्यावर म्हणाले, "तितं म्हंजी कुटं ते मला म्हाईत हाय. म्याच सोडून आलोय."

पाय कापल्यावर पोपटरावांच्या थोरल्या भावाने हॉस्पिटलमध्ये अर्ज करून तो मागून घेतला होता. आपल्या माणसाचा पाय आपल्याच रानात राहिला पाहिजे, असं घरच्यांचं म्हणणं. काका तो गाडीतून वाघोलीला घेऊन गेले. रानाच्या कोपऱ्यात, विहिरीशेजारी खड्डा केला, हळदकुंकू वाहिलं आणि पुरला. "सायरन न्हाई लावला," काका म्हणाले. "पन लावावा का न्हाई, इचार आलता मनात."

पुढे भावाने ते रान डेव्हलपमेंटला दिलं. विहीर बुजवली. पोपटराव तोवर शहराच्या दुसऱ्या टोकाला लेकीकडे राहायला गेले होते. त्या बाजूला फिरकायचं त्यांनी सोडलंच होतं, भावाशीही बोलणं नव्हतं. काकांचं घर पलीकडच्या गावात, ड्युटीवर येताना ते रोज तिथूनच यायचे.

तेव्हापासून एक विचित्र खेळ सुरू झाला. पोपटराव फोनवर म्हणायचे, "काल टाचंवर कायतरी ठिवलंय ताई. जड हाय." मी काकांकडे बघायची. काका म्हणायचे, "काल स्लॅब पडला." मी कॅलेंडरवर दोन रंगांनी खुणा करायला लागले, लाल पोपटरावांची, निळी काकांची. अकरा मजली इमारत. अकरा लाल, अकरा निळ्या, आणि एकही खूण एकटी नाही! सहाचा आकडा तोवर आठावर गेला होता. मला त्या कॅलेंडरची भीती वाटायला लागली. मी ते भिंतीकडे तोंड करून टांगलं.

शेवटी मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "मुक्ता, बांधकाम आपल्या प्रोटोकॉलमध्ये बसत नाही."

मी निघाले. दारापर्यंत गेल्यावर त्यांनीच हाक मारली. "अकरा मजले झाले ना? मग आकडा आठच कसा? दहा का नाही? विचार त्यांना."

मी विचारलं. पोपटराव म्हणाले, "दहा राखून ठिवलाय ताई. मान्सं ऱ्हायला आल्यावर लागंल."

*

रेश्माची एक चूक आता सांगायला हरकत नाही. तिने स्वतःच सगळ्यांना सांगितली आहे.

एका घाईच्या दुपारी लागोपाठ दोन कॉल आले. पहिला, वाघोलीच्या कॉलेजातल्या एका मुलीचा. स्कूटी घसरून डावा खांदा निखळलेला. दुसरा, कुलकर्णीबाईंचा. निवृत्त शिक्षिका, घोटा मोडलेला. दोन कॉलच्या मध्ये स्ट्रेचरवरची चादर बदलायची असते. ती रेश्मा विसरली.

आठवड्याने मी बाईंना फोन केला. "घोटा तीन," बाई म्हणाल्या. "डावा खांदा सहा."

"बाई, खांद्याला लागलं नव्हतं तुमच्या."

"मी पस्तीस वर्षं गणित शिकवलंय. माझे खांदे मला मोजता येतात."

लिहिलं! मग त्या मुलीला फोन केला. "शून्य," ती म्हणाली. "सीरियसली मॅम, अँब्युलन्समधून उतरले ना, तेव्हापासून काहीच पेन नाही. डॉक्टरपण म्हणतात वियर्ड आहे."

महिना झाला, बाईंचा सहा हलेना आणि मुलीचा शून्य हलेना. मी हे रेश्माला हसत हसत सांगितलं आणि तिचा चेहराच पडला. तेव्हा चादरीचं कळलं. मी पुढच्या फोनला बाईंना म्हटलं, तुमचा खांदा आमच्या डॉक्टरांना दाखवू या, काहीतरी करता येईल.

"आत्ता नको," बाई म्हणाल्या. "तिची परीक्षा संपू दे आधी."

मी बाईंना मुलगी, कॉलेज, चादर, एका अक्षराने काही सांगितलेलं नव्हतं! रेश्मा आता प्रत्येक कॉलनंतर चादर बदलते. बदललेली चादर घडी करताना कोणाशी बोलत नाही.

*

आमच्याकडे बर्फाच्या पाण्याची एक चाचणी असायची. पेशंटने बादलीत हात घालायचा आणि सोसेल तेवढा वेळ ठेवायचा. माणसाला किती सोसतं ते त्यावरून कळतं. बहुतेक लोक जरा वेळाने "बास, बास!" म्हणून हात काढतात. पुण्याचे असले तर वर म्हणतात, "यासाठी डिग्री घेतलीत होय?"

एक मावशी आल्या, पुण्याने गिळलेल्या एका गावातल्या. वर्षानुवर्षं पाठ दुखते, कोणी खरं मानत नाही. मी म्हटलं, "मावशी, सोसेल तेवढा वेळ हात ठेवा." त्यांनी ठेवला. मी घड्याळ लावलं. त्या भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत बसल्या. वेळ जात होता, हात हलेना. बोटं पांढरी पडली, तरी चेहऱ्यावर एक रेघ नाही. मला वाटलं, यांच्या हाताला संवेदनाच नाहीये. मी धावत मॅडमना बोलावून आणलं.

मॅडमनी स्वतः त्यांचा हात बाहेर काढला. "दुखत नाही तुम्हाला?"

"दुकतंय की."

"मग काढला का नाही?"

"सोसंल तवर ठिव म्हनली ही. सोसतंय की अजून."

"दहापैकी किती?"

मावशींनी हाताकडे पाहिलं. "दोन."

मॅडमनी बादली बाजूला सरकवली. मग त्यांनी विचारलं, "तुमचा दहा कोणता?"

मावशी हसल्या. पदराने हात पुसत म्हणाल्या, "त्ये सांगू व्हय? मग दार लावा."

मॅडमनी मला बाहेर पाठवलं आणि दार लावलं. मी पाऊण तास पॅसेजमध्ये उभी होते. आतून एका शब्दाचाही आवाज आला नाही. दोघी बाहेर आल्या तेव्हा मावशी तशाच होत्या, मॅडम मात्र भिंतीला धरून चालत होत्या. काय झालं ते मी विचारलं नाही. धीरच झाला नाही. बर्फाची चाचणी त्या दिवसापासून बंद आहे.

*

पोपटरावांच्या इमारतीत माणसं राहायला आली, आणि आकडा दहा झाला.

सर्जननी गुडघा कापायला सोमवारची तारीख दिली. शुक्रवारी सकाळी पोपटराव कुबड्या घेऊन स्वतः आमच्या खोलीत आले. उभ्या उभ्याच बोलले. "म्याडम, गुडगा घेतला तरी टाच तितंच ऱ्हानार. दुखनं सोसीन म्या. पन तळव्याला खाज सुटतीया. हात पोचत न्हाई वो." आणि एवढा मोठा माणूस माझ्या टेबलाला धरून रडायला लागला.

मॅडम उठल्या, पर्समधून गाडीची किल्ली काढली. "चला. चाचणी करायची तर नीट करायची."

तासाभराने आम्ही चौघं त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये होतो. मॅडम, मी, पोपटराव आणि सुदामकाका. खांब, पिवळे पट्टे, फ्लॅटचे नंबर. लिफ्टपाशी कोणाचं तरी सामान उतरत होतं. मॅडमनी पोपटरावांना लिफ्टच्या भिंतीपलीकडे खुर्ची दिली. तिथून त्यांना काही दिसत नव्हतं. "काका, तुम्ही गेटच्या बाहेर," त्या सुदामकाकांना म्हणाल्या. "जागा तुम्हाला माहीत आहे. मला सांगू नका, तिकडे बघूसुद्धा नका."

मग लिमये मॅडम गुडघ्यांवर बसल्या आणि किल्लीने फरशी खाजवायला लागल्या.

एका जागी खाजवायचं, थांबायचं, उठायचं, दुसरीकडे जायचं. मी वेळ आणि जागा लिहीत होते. पहिल्या जागी काही नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या जागी काही नाही. भिंतीपलीकडे शांतता. सामान उतरवणाऱ्या एक बाई थांबून म्हणाल्या, "अहो, काही हरवलंय का तुमचं?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

दहा जागा झाल्या, बारा झाल्या. मॅडमच्या साडीला सिमेंटची पूड लागली होती. मला त्यांची दया यायला लागली, आणि खरं सांगू, हायसंही वाटायला लागलं होतं. अगदी कोपऱ्यात एक नवी गाडी उभी होती, बॉनेटवर हार होता. मॅडम तिच्या मागच्या चाकापाशी वाकल्या आणि किल्ली टेकवली.

"थांबा!" भिंतीपलीकडून आवाज आला.

मॅडम थांबल्या. माझं पेन थांबलं.

"वाईच डावीकडं, म्याडम."

मॅडमनी हात डावीकडे सरकवला.

"आजून. खाली. खाली..." मग आवाज गेला. मग इतका लांब उसासा आला की सामान उतरवणाऱ्या बाईंनीही वळून पाहिलं. "हां. हितं. हितंच."

पोपटराव हुंदके देत होते आणि मधूनच हसत होते. मॅडमनी वर पाहिलं नाही.

"मुक्ता, लिही. गुडघ्याला हात लावायचा नाही."

"कारण काय लिहू, मॅडम?"

मॅडमनी किल्ली बाजूला ठेवली आणि बोटांनी खाजवायला लागल्या.